गल्फच्या व्हिसाचं मेडिकल: गावाहून निघण्याआधी काय तपासून घ्यावं?

दारव्हा_रोड

लहान भाऊ, वय २७, दहावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन. सौदीतल्या मेंटेनन्स कंपनीचं ऑफर लेटर आलं आहे. एजंट सांगून राहिला की आधी मेडिकल करून टाका, बाकी मागून पाहू. जाणकारांनी नीट सांगावं.

मेडिकलच्या अपॉइंटमेंटची स्लिप आपली आपण काढता येते का, की एजंटकडूनच घ्यावी लागते? आमच्याकडून मुंबई बरी पडेल की हैदराबाद? वडिलांना सात-आठ वर्षांआधी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. भाऊ त्याच घरात राहत होता, पण त्याला खोकला-ताप काही नाही. भाऊ खर्रा खातो आणि मागे गावातल्या शिबिरात त्याचं बीपी थोडं जास्त निघालं होतं, तेवढ्यावर अनफिट करतात का? आणि अनफिट निघालाच तर दुसऱ्या सेंटरवर पुन्हा करता येतं का? एजंट म्हणतो "मॅनेज होते". मला त्याच बोलण्याची भीती वाटते.

---

बल्लारशा_लॅब

भाऊ, क्रम चुकला की पैसे वाया जातात, म्हणून आधी क्रम सांगतो. मेडिकल रिपोर्टवर मुदतीची तारीख छापलेली असते आणि व्हिसा स्टॅम्पिंग त्या तारखेच्या आत व्हावं लागतं. इलेक्ट्रिशियन हा ट्रेड सौदीच्या स्किल व्हेरिफिकेशनमध्ये येतो. ती परीक्षा अजून व्हायची असेल आणि तुम्ही मेडिकल आधीच करून बसलात, तर परीक्षेची तारीख मिळेपर्यंत रिपोर्टची मुदत संपते आणि सगळी फी पुन्हा भरावी लागते. म्हणून ऑफर लेटर, मग स्किल टेस्ट, मग गावाकडची तपासणी, मग स्लिप आणि मेडिकल, आणि शेवटी स्टॅम्पिंग. एजंटला "आधी मेडिकल" हवं असतं कारण एकदा पैसा घातला की माणूस मागे फिरत नाही.

आता गावाकडची तपासणी. स्लिप काढायच्या पंधरा-वीस दिवस आधी या तपासण्या तालुक्यात किंवा यवतमाळला करून घ्या: छातीचा एक्स-रे, एचबीएसएजी (कावीळ-ब), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस), सीबीसी, रँडम शुगर, क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (लिव्हर), लघवी आणि शौच तपासणी. मेडिकल सेंटरवर साधारण हेच सगळं होतं, वर मलेरिया आणि मायक्रोफायलेरिया म्हणजे हत्तीरोगाच्या जंतूंसाठी रक्त बघतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. बाकीच्यातलं बरंचसं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं, नाही झालं तर यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला.

हे आधी करायचं कारण साधं आहे. सेंटरवर निकाल लागला की तो पासपोर्ट नंबरावर ऑनलाईन चढतो आणि सहाही आखाती देशांना दिसतो. गावच्या लॅबचा कागद कुणालाच दिसत नाही. जे काही निघायचं ते गावात निघालं तर उपचाराला वेळ मिळतो.

एक्स-रेबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडचे सगळ्यात जास्त लोक तिथंच अडकतात. उभं राहून, पीए व्ह्यू (पाठीकडून काढलेला), मोठा श्वास भरून रोखलेला असा एक्स-रे मागा. झोपवून किंवा समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठं दिसतं आणि डॉक्टर उगाच इको करायला सांगतात. श्वास अर्धवट घेतला तर फुफ्फुसाचा खालचा भाग धुरकट दिसतो. गळ्यातला ताईत, काळा दोरा, लॉकेट, बटनाचा शर्ट सगळं काढायचं. बाई असेल तर वेणी वर बांधायची, कारण खांद्यावर आलेली वेणी फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर सावली टाकते आणि टीबीचा डागही नेमका तिथंच असतो. फिल्म फक्त टेक्निशियनला दाखवून "क्लिअर आहे" ऐकून येऊ नका. रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट घ्या.

तुमच्या भावाला त्रास नसला तरी घरात रुग्ण होता, त्यामुळे एक्स-रे टाळूच नका. कोणी मांटू टेस्ट (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती) करायला लावली तर त्यावर पैसे घालू नका. आपल्या देशात कितीतरी निरोगी माणसांची मांटू पॉझिटिव्ह येते, आणि गल्फच्या मेडिकलमध्ये ती बघतही नाहीत.

---

दिग्रस_ऑनलाईन

स्लिपचं मी सांगतो. ती कोणीही स्वतः काढू शकतो. पूर्वी जिला सगळे गामका म्हणत, ती व्यवस्था आता वाफिद या नावाच्या वेबसाईटवर आहे. गावात लोक अजूनही "गामका मेडिकल"च म्हणतात, दोन्ही एकच. फॉर्ममध्ये आधी देश आणि शहर, मग कोणत्या देशात जायचं ते. नंतर नाव, जन्मतारीख, लग्न झालं की नाही, पासपोर्ट नंबर, काढल्याची तारीख, काढल्याचं ठिकाण, मुदत, व्हिसाचा प्रकार आणि कोणत्या कामासाठी जाणार. विदर्भातल्या पासपोर्टवर काढल्याचं ठिकाण बहुतेक नागपूरच असतं. पोलीस पडताळणी यवतमाळला झाली म्हणून लोक तिथं यवतमाळ लिहून मोकळे होतात, तसं करू नका. पासपोर्टवर जे छापलं आहे तेच, तसंच, स्पेलिंगसकट.

फॉर्ममध्ये चुका मुख्यतः नावातच होतात. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात काय आहे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात काय आहे ते बघून भरा. वडिलांचं नाव दिलेल्या नावात असेल तर ते गाळू नका. एक अक्षर चुकलं तरी पुढे स्टॅम्पिंगच्या वेळी रिपोर्ट आणि पासपोर्ट जुळत नाहीत.

साध्या अपॉइंटमेंटची ऑनलाईन फी दहा डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही. तपासणीची फी वेगळी असते, ती सेंटरवर भरायची आणि पावती मागूनच घ्यायची. साध्या फीमध्ये शहर आपण निवडतो, सेंटर मात्र सिस्टिम देते. दुसऱ्या सेंटरवर ती स्लिप चालत नाही. स्लिपवर शेवटची तारीख असते, ती उलटली की स्लिप बाद.

पैसे भरताना कार्ड फेल झालं की लोक घाबरतात. दोष बहुतेक वेळा कार्डाच्या सेटिंगचा असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतो. बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन तो सुरू करावा लागतो, काम झालं की पुन्हा बंद करून टाका. साधं देशी रुपे कार्ड असेल तर ते बहुतेक चालतच नाही. पैसे कापले गेले आणि स्लिप आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ईमेल बघा, साईटवर पासपोर्ट नंबर टाकून अपॉइंटमेंट झाली का ते बघा.

एजंटने स्लिप काढून दिली तरी त्यात ईमेल आणि मोबाईल तुमचाच टाकायला लावा. एजंटने स्वतःचा टाकला की पुढचा निकाल आधी त्याला कळतो, तुम्हाला नंतर.

शहर कोणतं? फॉर्म उघडला की सध्या चालू असलेल्या शहरांची यादी दिसते, ती एकदा बघून घ्या. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे सेंटरं आहेत. दारव्ह्याहून मुंबईला जायचं तर बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस आहे, अमरावती–मुंबईही आहे. हैदराबादला जायचं तर पांढरकवडा गाठा. तिथून ४४ नंबरच्या हायवेने आदिलाबाद, निर्मल करत थेट गाड्या जातात. राजुरा, चंद्रपूर, गडचिरोलीवाल्यांना बल्लारशाहून रेल्वेने हैदराबादच सोयीचं. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट सेंटरवर मात्र जाऊ नका, त्याचं कारण वर बीपीचं विचारलं आहे त्यातच आहे. कोणीतरी सांगेलच.

---

आरमोरी_सिस्टर

बीपीचं सांगते. १४०/९० च्या वर गेलं की उच्च रक्तदाब धरतात. गल्फच्या नियमात अडवतात ते आटोक्यात नसलेल्या बीपीला. गोळी घेऊन आटोक्यात असलेलं बीपी ही वेगळी गोष्ट आहे. भावाचं बीपी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. आरोग्य उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मोजून देतात. सरासरी जास्त येत असेल तर डॉक्टरांकडून गोळी सुरू करून किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मगच स्लिप काढा. मेडिकलच्या दिवशी गोळी चुकवायची नाही. "गोळी खाल्ली तर रक्तात सापडेल" या भीतीने लोक त्याच दिवशी गोळी सोडतात आणि बीपी चढून बसतं.

खर्ऱ्यातल्या तंबाखूने आणि सुपारीने नाडी व बीपी दोन्ही वाढतात. निदान त्या सकाळी तोंडात काही नको, चहाही नको. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वर जातो, म्हणून आधी लघवी करून यायचं. खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं. पहिला आकडा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा असं नम्रपणे म्हणायला हरकत नाही. रात्रभर जनरल डब्यात बसून आलेल्या माणसाचं बीपी बरोबर येत नाही. आदल्या दिवशी पोचा आणि झोपा.

खर्रा खाणाऱ्याचं तोंड किती उघडतं तेही आधी बघून घ्या. तीन बोटं उभी जात नसतील किंवा आत पांढरे चट्टे असतील तर व्हिसाचं नंतर, आधी दंतचिकित्सकाकडे जा. हे कर्करोगाच्या आधीचं लक्षण असू शकतं.

आपल्या भागाच्या काही गोष्टी मुंबई-पुण्याच्या लोकांना लक्षात येत नाहीत, त्या इथं सांगायलाच हव्यात.

पहिली हत्तीरोगाची. पूर्व विदर्भात हा आजार आहे आणि मायक्रोफायलेरिया पॉझिटिव्ह आला की मेडिकल अडतं. पाय सुजलेलाच असला पाहिजे असं नाही, धडधाकट माणसाच्या रक्तातही जंतू असतात. ते रात्री रक्तात वर येतात, म्हणून आपल्याकडे तपासणीसाठी रक्त रात्री दहानंतर घेतात. दिवसा घेतलेला नमुना निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण काही मेडिकल सेंटरवर अँटिजेनची पट्टी वापरतात आणि ती दिवसाही पकडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर इकडच्यांनी हत्तीरोग पथकाकडे रात्रीची तपासणी करून घ्यावी, फुकट होते. निघालं तर डीईसी गोळ्यांचा १२ दिवसांचा कोर्स सरकारी दवाखान्यातून मिळतो. आशाताई घरी येऊन हत्तीरोगाच्या गोळ्या समोर गिळायला सांगतात, त्या खिशात टाकून नंतर फेकून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अंडवृद्धी आणि हर्निया हेही डॉक्टर तपासतात. त्या फॉर्मवर हर्नियाचा स्वतंत्र रकाना आहे. लाजेने लपवून काही होत नाही. ऑपरेशन सरकारी रुग्णालयात होतं, पण टाके भरून वजन उचलण्याइतकं बरं व्हायला वेळ लागतो, तो धरून चाला.

दुसरी गोष्ट जंत. शेतात अनवाणी चालणाऱ्यांत हुकवर्म असतो, तो रक्त पितो आणि हिमोग्लोबिन खाली आणतो. शौच तपासणीत अंडी दिसली तर औषध घेऊन पुन्हा नमुना द्यावा लागतो, म्हणजे शहरातला मुक्काम वाढतो. डॉक्टरांना विचारून अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि निघण्याआधी गावात शौच तपासून घ्या. शौचाचा नमुना ताजा लागतो. बऱ्याच जणांना अनोळखी जागी होतच नाही, तेव्हा आदल्या रात्री हलकं जेवण, भरपूर पाणी.

सिकलसेल असलेल्या घरातल्यांनी आपण वाहक आहोत की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं करून कागद जवळ ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातली पहिली चाचणी फक्त आहे की नाही एवढंच सांगते. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा ठीक असतं. रुग्ण असेल तर ५० डिग्रीच्या उन्हात बांधकामावर जाणं जिवावर बेतू शकतं, आणि हे मी मेडिकल बाजूला ठेवून सांगते आहे.

अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी. नुसती शिबं किंवा गजकर्ण असेल तर महिनाभर मलम-गोळ्या घेऊन त्वचा साफ करूनच जा. सेंटरवरचा डॉक्टर घाईत असतो, चट्टा दिसला की शंका लिहितो.

---

दारव्हा_रोड

सिस्टर ताई, भाऊ, खूप मदत झाली. स्किल टेस्ट झालेली नाही, म्हणजे मेडिकल थांबवतो. दोन प्रश्न उरले. भावाने गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून कावीळ-बची लस घेतली, त्याचा काही परिणाम? आणि वडिलांचा टीबी बरा झाला तसा कुणाला स्वतःला होऊन बरा झालेला असेल तर चालतं ना? शेजारचा एक मुलगा त्याच कंपनीत जाणार आहे, त्याने कॉलेजात असताना कोर्स केला होता. त्याच्या चुलत भावाचं कतारचं चाललं आहे, त्यालाही हाच फॉर्म का?

---

बल्लारशा_लॅब

लसीचं बरं झालं विचारलं. हिपॅटायटिस बीच्या लसीत तेच प्रथिन असतं जे एचबीएसएजी तपासणी शोधते. त्यामुळे लस घेतल्यावर काही दिवस, कधी कधी अडीच आठवड्यांपर्यंत, निरोगी माणसाचीही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. महिना जाऊ द्या, मग गावात तपासा. लसीचं कार्ड जपून ठेवा. आधीपासून संसर्ग असेल तर ही लस तो घालवत नाही. म्हणून खरं तर आधी तपासणी आणि मग लस असा क्रम असतो.

रक्ताच्या आणखी दोन अडचणी. सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए होतात. मलेरिया, कुष्ठरोग, गरोदरपण यांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येते, अशा वेळी टीपीएचए निगेटिव्ह असतं. पण एकदा आजार होऊन गेला तर टीपीएचए उपचारानंतरही जन्मभर पॉझिटिव्ह राहतं. हिपॅटायटिस सीचंही तसंच, औषधाने व्हायरस गेला तरी अँटिबॉडी रक्तात राहते. अशांनी उपचाराचे कागद आणि व्हायरस नसल्याचा पीसीआर रिपोर्ट सोबत ठेवावा, पण त्यावर फिट मिळेलच असं धरून जमीन गहाण टाकू नये.

मोहाची किंवा कुठलीही दारू, आणि वैदूकडचं ताकदीचं औषध, दोन्हींमुळे एसजीपीटी वाढलेलं सापडतं. तीन-चार आठवडे बंद ठेवून तपासा. लघवीत प्रथिन आलं तर लगेच किडनी गेली असं समजू नका. ताप असताना किंवा उन्हात दिवसभर ढेले फोडून आल्यावरही ते येतं. दोन दिवस आराम, भरपूर पाणी आणि सकाळची पहिली लघवी तपासा. मे महिन्यात प्रवास असेल तर पाणी कमी पडल्याने क्रिएटिनिनही थोडं वर दिसतं.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर कोर्स पूर्ण असेल आणि थुंकी निगेटिव्ह असेल तर अडचण येऊ नये. निक्षयचा (सरकारी टीबी नोंदणीचा) कागद आणि डिस्चार्ज कार्ड दाखवायचं.

---

छाती_विभाग_वर्धा

शेवटच्या मुद्द्यावर मला असहमती नोंदवावी लागेल, कारण यावर लोक लाख-दीड लाख घालवतात. आखाती देशांच्या निकषांत सक्रिय टीबीबरोबरच जुन्या टीबीच्या एक्स-रेवरच्या खुणाही अनफिटमध्ये धरतात. थुंकी निगेटिव्ह आहे, कोर्स पूर्ण आहे, माणूस ठणठणीत आहे, हे सगळं खरं असूनही फिल्मवर डाग असेल तर नकार येतो. डिस्चार्ज कार्ड वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं आहे, पण तिथं ते डाग पुसत नाही.

म्हणून शेजारच्या मुलाने आजच एक एक्स-रे काढावा. रिपोर्टमध्ये बघायचे शब्द असे: वरच्या भागात फायब्रोसिस म्हणजे दोऱ्यासारख्या ओढलेल्या रेघा, कॅल्सिफिकेशन म्हणजे चुन्यासारखे पांढरे ठिपके, फुफ्फुसाच्या आवरणाची जाडी, आणि खालचा टोकदार कोपरा बोथट होणं. शेवटचं लक्षण पूर्वी छातीत पाणी झालेल्यांत दिसतं. "छातीत पाणी झालं होतं, काढून टाकलं" असं सांगणाऱ्याला तो टीबी होता हेही बऱ्याचदा माहीत नसतं. फिल्म पूर्ण साफ असेल तर पुढे जावं. गळ्यातल्या गाठीचा किंवा हाडाचा टीबी होऊन गेला असेल आणि छाती साफ असेल, तर मानेवरचा व्रण डॉक्टर विचारतील, खरं सांगावं.

डाग असेल तर सगळी दारं बंद होतात असं नाही. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथं सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीची तपासणी लागते. त्यांना आज सक्रिय आजार आहे का एवढंच बघायचं असतं. एक्स-रेवर शंका आली तर थुंकीचे नमुने घेऊन कल्चर लावतात, त्याला आठ आठवड्यांपर्यंत लागतात, आणि ते निगेटिव्ह आलं तर प्रमाणपत्र मिळतं. नर्सिंग केलेल्या मुलींनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आणखी एक. सर्दी-खोकला, न्यूमोनिया होऊन गेल्यावर फुफ्फुसातली सावली विरायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. अशा वेळी लगेच मेडिकल देऊ नये. पण दोन आठवड्यांवर खोकला असेल, वजन उतरत असेल, तर सावली विरायची वाट बघत बसू नका. थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, ती करा.

---

बल्लारशा_लॅब

डॉक्टरसाहेब बरोबर आहेत. मी वर लिहिलेलं इतर देशांना लागू पडतं, गल्फला नाही. शेजारच्या मुलाने वर्धेच्या डॉक्टरांचंच धरावं.

---

पुसद_इमिग्रेशन

कतारचं वेगळं आहे. तिथल्या नोकरीसाठी कतार व्हिसा सेंटरमध्ये जावं लागतं. भारतात ती दिल्ली, मुंबई, कोलकाता, लखनौ, हैदराबाद, चेन्नई आणि कोची अशी सात ठिकाणी आहेत. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही तिथं एकाच भेटीत होते. अपॉइंटमेंट व्हिसा नंबर आणि पासपोर्ट नंबरावर घेतात आणि खर्च कतारमधल्या मालकाने भरायचा असतो. एजंट कतारसाठी मेडिकलचे पैसे मागत असेल तर तिथंच थांबा. सहीआधी करार वाचायला मिळतो, पगाराचा आकडा ऑफर लेटरशी जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर सही करू नये.

ठशांवरून आठवलं. कापूस वेचणाऱ्यांचे, सिमेंटचं काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही. आठवडाभर रोज रात्री बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळा, सिमेंटला हात लावू नका. त्या दिवशी सकाळी मात्र बोटं साबणाने धुऊन कोरडी करून जा, तेलकट बोटांचा ठसा पसरतो. मेंदी लावू नये.

आता "मॅनेज होते" याबद्दल. निकाल पासपोर्ट नंबरावर चढतो, त्यामुळे मुंबईत अनफिट आणि हैदराबादला गुपचूप फिट हा प्रकार टिकत नाही. समजा कुणी खोटा कागद करून दिला आणि माणूस विमानात बसला, तरी तिथं पोचल्यावर रेसिडेन्सीसाठी पुन्हा रक्त आणि एक्स-रे होतात. तिथं निघालं तर परत पाठवतात आणि एजंटला दिलेली रक्कम बुडते. जे तात्पुरतं आहे, म्हणजे मलेरिया, जंत, बीपी, शुगर, त्यात उपचार करून पुन्हा तपासणी मिळू शकते. किती दिवसांनी आणि कुठं, ते त्याच सेंटरकडून लेखी घ्या. अनफिटचं कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, रिपोर्टची प्रत घेऊन सरकारी डॉक्टरला दाखवा. सेंटरची चूक वाटत असेल तर आपला स्वतंत्र रिपोर्ट घेऊन त्याच सेंटरकडे लेखी अर्ज द्यावा.

एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर नावाने शोधा. नोंदणीकृत भरती एजंटला सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. गावातला "सब-एजंट" हा प्रकार कायद्यात नाही. मूळ पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका. मेडिकलला पासपोर्ट माणसाने स्वतः न्यायचा असतो. तुमचा भाऊ दहावी पास आहे, त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन तपासणी आवश्यक) लिहिलेलं नसावं, एकदा बघून घ्या. ज्यांच्यावर ते आहे त्यांना मेडिकल आणि व्हिसानंतर इमिग्रेशन क्लिअरन्स लागतं आणि प्रवासी भारतीय विमा योजना काढावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण. फसवणुकीची शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे, फोनवर हिंदीत बोलता येतं.

---

दिग्रस_ऑनलाईन

त्या दिवशीची तयारी राहिली, ती लिहून ठेवतो. मूळ पासपोर्ट, त्याच्या दोन प्रती, स्लिपची छापील प्रत, पांढऱ्या बॅकग्राउंडचे चार फोटो, व्हिसा किंवा ऑफर लेटरची प्रत, चष्मा असेल तर चष्मा, लसीचं कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी. उपाशी यायचं का ते स्लिपवरच्या नंबरावर आदल्या दिवशी विचारा. नाही म्हणाले तर हलकं खाऊन जा, जिलेबी-चहा करून शुगर द्यायला बसू नका.

इलेक्ट्रिशियन आहे म्हणून दोन गोष्टी खास. रंगांधळेपणाची ठिपक्यांची पुस्तिका दाखवतात. वायरचे लाल-हिरवे ओळखता येतात म्हणून ती पास होईलच असं नाही, गावातल्या नेत्रचिकित्सकाकडे एकदा बघून घ्या. आणि कान. कानात मळ साचून ऐकू कमी येतं, मशीनवर फेल होतो. आठवडाभर आधी कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्या, काडीने कोरू नका.

---

आरमोरी_सिस्टर

बायकांसाठी दोन ओळी. पाळी चालू असताना लघवीत रक्तपेशी दिसतात, म्हणून पाळी संपून पाच-सहा दिवसांनी तारीख घ्या. दिवस गेल्याची थोडीही शंका असेल तर एक्स-रेच्या खोलीत जायच्या आधी सांगायचं, आधी लघवीची तपासणी करतील. गरोदर असताना मेडिकल पुढे जात नाही.

दारव्ह्याच्या भावासाठी: लसीची तारीख कार्डावर बघा, त्यात महिना मिळवा, आणि तोवर बीपीची वही सुरू करा. सात दिवसांचे आकडे झाले की इथं टाका, गोळीची गरज वाटते का ते बघून सांगते, पण सुरू करायची ती तुमच्या डॉक्टरांच्याच हातून.

---

दारव्हा_रोड

लस १२ तारखेची आहे. उद्या सकाळी उपकेंद्रात घेऊन जातो त्याला. एजंटला मेडिकल स्किल टेस्टनंतरच असं कळवलं आणि ई-मायग्रेटवरचा नोंदणी क्रमांक मागितला, अजून दिला नाही. शेजारच्या मुलाचा एक्स-रे यवतमाळला काढतो, रिपोर्ट आला की शब्द जसेच्या तसे इथं लिहितो, डॉक्टरांनी बघावं ही विनंती.